उणं माप

जिते गावच्या भातगिरणीतला गोविंदा मापारी गेली एक्केचाळीस वर्षं रोज खोटं लिहीत आला. आणि आख्ख्या पेण तालुक्यात त्याच्याइतका खरा मापारी दुसरा नाही, असंही लोक सांगतात. दोन्ही गोष्टींत तथ्य आहे.

गिरणीची रीतच तशी. शेतकऱ्याचं भाताचं पोतं काट्यावर चढलं आणि आकडा बावन्न आला, की गोविंदा ओरडणार, "पन्नास!" वहीत पन्नासच पडणार आणि भरडाईही पन्नासाचीच घेतली जाणार. ही रीत थोरल्या शेठनं घालून दिलेली. गिरणीत आलेल्या माणसाला परत जाताना हलकं वाटलं पाहिजे, असं तो म्हणायचा. थोरला शेठ गेला, त्याचा मुलगा गल्ल्यावर बसला, वजनाचे लोखंडी तुकडे जाऊन बॅटरीचा काटा आला, पण गोविंदाचं उणं लिहिणं काही गेलं नाही. गिरणीनं तांदूळ विकायचा असला तर उलटं. पन्नास भरले की वर एक ओंजळ. म्हणून रोह्यापासून लोक भात घेऊन जित्याला यायचे. येताना वाटेत तीन गिरण्या लागतात, त्या सोडून यायचे.

माणूस उंचीला बेताचा. पोती उचलून उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली गेलेला. भुवयांवर बारमाही कोंड्याची पांढरी पूड, त्यामुळं चाळिशीतच म्हातारा दिसायला लागला आणि आता सदुसष्टाव्या वर्षीही तेवढाच म्हातारा दिसतो. काट्याचा आकडा दिसण्याआधी त्यातले दोन-चार त्याच्या डोक्यात वजा झालेले असत. ती आता सवयच झाली होती, श्वास घ्यावा तशी. आणि या सवयीनं त्याच्या घरातली सहा माणसं मरणाच्या दारात नेऊन उभी केली असती.

त्याचं असं झालं. गोविंदाच्या चुलतभावाचा मोठा मुलगा सुशील. बाप लवकर गेला, पण पोरगं हिकमती निघालं. पेणला बर्फाची फॅक्टरी टाकली, मग मासळीची थंड गोदामं, मग रामवाडीत बंगला. पैसा आला की कोणी फार्महाऊस बांधतो, कोणी निवडणुकीला उभा राहतो. सुशील चाळिसाव्या वर्षी विमान चालवायला शिकला. घाट चढून गेलं की अडीच तासांवर एक खासगी धावपट्टी आहे, तिथं त्यानं चार खुर्च्यांचं छोटं विमान ठेवलं. गावात त्याला सगळे 'सुशीलचा पतंग' म्हणत.

सुशीलची बहीण नूतन नागपूरला दिलेली. तिला गेल्या वर्षी मुलगा झाला. बारशाला सगळ्यांना जायचं होतं आणि खुर्च्या चारच. सुशील, त्याची बायको मनाली, मुलगी मनस्वी आणि आई इंदुबाई गेली. धाकटा भाऊ गणेश आणि आत्या कृष्णाबाई मागं राहिली. आत्या म्हणजे सुशीलच्या बापाची थोरली बहीण, जन्मभर माहेरीच राहिलेली, नूतनला अंगाखांद्यावर खेळवलेली. ती मागं राहिली आणि दोन महिने इंदुबाईशी बोलली नाही. भाजीत मीठ कमी पडलं तर मनस्वीला सांगायची, "तुझ्या आजीला सांग, मिठाचा डबा वर हाय."

आता वैशाखात त्याच नातवाचं जावळ काढायचं ठरलं होतं. जावळाला मूल मामाच्या मांडीवर बसतं. मामा दोन, मामी, आजी, आत्या, मामेबहीण. सुशीलनं पौषातच जाहीर केलं, "मोठं विमान घेतो. या खेपेला कोणी मागं ऱ्हायचं नाय."

दोन विमानं त्याच्या नजरेत होती, दोन्ही वापरलेली. एक सहा खुर्च्यांचं, निळ्या पट्ट्याचं, चालीला चपळ. सुशीलचा जीव त्याच्यावर बसला होता. दुसरं नऊ खुर्च्यांचं, उंच पायांचं, एसटीच्या छोट्या गाडीसारखं ढब्बू. ते चालवायला नव्यानं शिकायला लागणार, वर्षभर शेजारी अनुभवी पायलट बसवायला लागणार. विकणाऱ्यानं सांगितलं, "सहा खुर्च्यांच्यात नागपूरपुरतं तेल भरलं की माणसं आणि सामान मिळून चारशे सत्तर किलो. त्यात बसत असाल तर हेच घ्या."

सुशीलनं घरच्यांना तोंडी वजनं विचारली. इंदुबाई म्हणाली साठ. कृष्णाबाई म्हणाली, तिच्यापेक्षा दोन कमी. सुशीलनं डोक्याला हात लावला आणि एका रविवारी सगळ्यांना गाडीत घालून जित्याला गिरणीवर आणलं.

"तात्या, तुमच्या काट्यावर माझा भरवसा हाय. सगळ्यांची वजनं करा. विमानासाठी पायजेत."

"चढा," गोविंदा म्हणाला. काट्याचा आकडा दिसायचा तो टेबलाकडच्या बाजूनं, फक्त त्यालाच.

इंदुबाई हटून बसली. "मी काय भाताचं पोतं हाय?"

"वहिनी, पोतं बरं. गप तरी उभं ऱ्हातं."

ती चढली. काट्यावर आलं एकोणऐंशी. गोविंदानं आवाज दिला, "त्र्याहत्तर!"

"बघ," इंदुबाई आत्याकडं बघून म्हणाली. बारशाच्या रुसव्यानंतर तिनं आत्याशी आपणहून बोललेलं हे पहिलंच वाक्य.

आत्या एकाहत्तर भरली, ती सहासष्ट झाली. गणेश त्र्याण्णव, तो अठ्ठ्याऐंशी झाला आणि म्हणाला, "तात्या, काटा गुनाचा हाय तुमचा." सुशील आणि मनाली चार-पाच किलोंनी हलकी झाली. मनस्वीचे दोनच किलो कापले, पण कापले. लेकराचं पुरं वजन तोंडानं सांगू नये, असं गोविंदाची आई म्हणायची. नागपूरला न्यायचं सामानही सोबत होतं. पापड, पोहे, कडवे वाल, सुकटीची दोन पिशव्यांत बांधलेली पुरचुंडी, नव्या तांदळाचं गाठोडं. बावन्न भरलं, सेहेचाळीस लिहिलं गेलं.

एक सांगायला पाहिजे, यात त्याचा डाव काही नव्हता. विमानाचं वजन म्हणजे जास्त भरलं तर जास्त पैसे घेतात, इतकंच त्याला ठाऊक. आखातात जाणारी माणसं बॅगा मोजायला गिरणीवर यायची, त्यांच्या तोंडून ऐकलेलं. आपल्या माणसाला हलकं लिहिलं तर चुकलं कुठं?

सुशीलनं मोबाईलवर बेरीज मारली. चारशे सहासष्ट.

"बसतंय!" तो ओरडला. "चार किलो राखून बसतंय! तात्या, लहान विमानावर शिक्कामोर्तब केलं तुमी."

पुढच्या गुरुवारी धावपट्टीवर जायचं ठरलं. नागपूरपुरतं तेल भरून, सहाही जणांना सामानासकट बसवून एक चक्कर मारायची, आणि उतरलं की सह्या. गोविंदानं सगळ्यांना चहा पाजला. गावाचं पहिलं मोठं विमान आपल्या काट्यावर ठरलं, याची त्याला तीन दिवस गुर्मी होती.

बुधवारी रोह्याचा मुराद पाच पोती घेऊन पिकअपनं आला. मुराद गोविंदाच्याच वयाचा. बावीस वर्षं आखातात विमानतळावर सामान चढवायच्या कामाला होता, आता घरी बसून शेती करतो आणि गुडघ्यांना शिव्या देतो. पोती काट्यावर चढत होती, गोविंदा आवाज देत होता, आणि मधेच त्यानं सुशीलच्या विमानाची बढाई मारली.

"सहा खुर्च्यांचं?" मुराद म्हणाला. "आनि भार किती?"

"चारशे सहासष्ट. सत्तरपर्यंत चालतंय."

"चारच किलोचा फरक? वजन कोनी केलं?"

"मीच की!"

मुरादनं काट्यावरच्या पोत्याकडं बघितलं. मग गोविंदाकडं बघितलं. गेली आठ वर्षं तो भात इथं आणत होता, आणि कशासाठी आणत होता हे त्याला नीट माहीत होतं.

"गोविंदा," तो हळू आवाजात म्हणाला, "हे पोतं किती भरलं?"

"पन्नास."

"खरं किती भरलं?"

गोविंदानं नजर वहीत घातली.

"अरे बाबा, मानसांचं पन तसंच केलंस का काय?" मुराद काट्याजवळ उकिडवा बसला. "बग, दोनशे मानसांच्या विमानाला तीस किलो म्हंजी काय नाय, म्हशीच्या पाठीवर कावळा. पन सहा खुर्च्यांचं विमान म्हंजी होडी. काठोकाठ भरलेल्या होडीत आनखी एक मानूस टाकलास तर काय होतं? आनि दुपारची हवा तापली की विमान आनखीनच जड उठतं. पट्टी संपते, चाक सुटत नाय. आमच्याकडं असलं कोनी जास्त चढवू बघितलं तर साहेब हात धरून खाली उतरवायचा. पैसे घेऊन पन नाय चढवायचा."

"पट्टी संपली तर मंग काय?"

"मंग काय. फुडं जे असंल ते. झाडं, नायतर दगड."

गोविंदा पोत्यावर बसला. सहाही जणांचे खरे आकडे त्याला तोंडपाठ होते. तेच तर त्याचं कसब. त्यानं मनात बेरीज केली. चारशे नव्व्याण्णव. परत केली. चारशे नव्व्याण्णवच. एरवी कुणाच्या पोत्यातले दोन किलो विसरायला त्याला पापणी लवायचा वेळ लागायचा नाही. हे तेहतीस किलो काही केल्या डोक्यातून उतरेनात. दिसायला लागली ती मनस्वी, काट्यावर एका पायावर उभी राहून हसत असलेली.

तेवढ्यात त्याची बायको बायजा भाकरी घेऊन आली. नवरा पोत्यावर बसलेला, काटा रिकामा, मागं तीन गिऱ्हाईकं उभी. असं दृश्य तिनं लग्नापासून पाहिलं नव्हतं.

"काय झालंय? छातीत दुखतंय का?"

मुरादनं तिला चार वाक्यांत सगळं सांगितलं. बायजानं डबा टेबलावर ठेवला.

"मंग बसलाव काय? जावा, सांगा त्याला."

"काय सांगू गो? एक्केचाळीस वर्षं लोक माझ्या नावानं माप घेऊन जातात. उद्या सगळा गाव म्हनंल, गोविंदाचा काटा खोटा."

"म्हनंल तर म्हनू दे. एक्केचाळीस वर्षं समद्यांना खूश करून झालं. आता एक दिस नाखूश करा. उठा!"

मुरादनं पोती तशीच सोडली आणि पिकअपला चावी मारली. रामवाडीपर्यंत गोविंदा खरे आकडे बोटांवर मोजत राहिला. भुवया झाडायचंही भान नव्हतं.

सुशील ओसरीवर कागद पसरून बसला होता, चष्मा कपाळावर. तात्याला अवेळी बघून उठला. "या, बसा. उद्याची तयारीच करतोय."

"बसत नाय," गोविंदा म्हणाला. बसला असता तर बोलणं राहिलं असतं. "सुशील, मी दिलेले आकडे खरे नायत."

"कसले आकडे?"

"वजनाचे. मी सगळ्यांचं कमी सांगितलं. गिरनीत सांगतो तसं. तुला लागतात ते खरे लागतात, हे मला कळलं नाय."

सुशीलचा चेहरा आधी कोरा पडला. मग लाल झाला. "किती कमी?"

गोविंदानं एकेक नाव घेऊन खरा आकडा सांगितला. सुशील लिहीत गेला. शेवटी सामानाचे बावन्न सांगितले. बेरीज आली आणि सुशीलनं पेन खाली ठेवलं.

"तात्या, उद्या दुपारी बारा वाजता आई माझ्या मागच्या खुर्चीत बसनार होती. मनस्वी तिच्या बाजूला. तुमाला विमानासाठी पायजेत म्हनून सांगितलं होतं ना मी? असला हिशोब करतात?"

"चुकलं," गोविंदा म्हणाला. आणखी काय म्हणणार. हात बाजूला सोडून उभा राहिला.

रस्त्यावरून एक एसटी गेली. मग सुशीलनं खुर्चीत मागं टेकून मोठा श्वास सोडला, इतका मोठा, की समोरचे कागद हलले.

"खरं सांगू तात्या? तीन दिवस मी रात्री उठून हीच बेरीज परत करत होतो. चार किलो राखून विमान घेतोय मी, आनि बायकांनी एकेक पिशवी वाढवली तर काय? पन ते निळं विमान आवडलेलं, म्हनून मन ऐकत नव्हतं. बरं झालं तुमी जमिनीवर सांगितलंत."

"म्हंजी तू रागावला नायस?"

"रागावलोय. पन सुटल्यासारखं पन वाटतंय. रागाचं नंतर बगू." तो उठला, पाण्याचा तांब्या गोविंदाच्या हातात दिला. "उद्या तुमी काटा घेऊन चला. विमानाच्या दारात वजन करायचं. आनि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं."

शेठनं काटा दिला. गुरुवारी तो गणेशच्या टेम्पोत दोऱ्यांनी बांधला आणि सगळी वरात घाट चढून धावपट्टीवर गेली. दोन्ही विमानं शेजारी शेजारी उभी होती. निळ्या पट्ट्याचं उन्हात चमकत होतं, आणि त्याच्या बाजूला ते ढब्बू. उद्घाटनाला भलत्याच माणसाला बोलावल्यावर तो जसा उभा राहतो, तसं.

काटा डांबरावर मांडला. इंदुबाई सरावानं चढली.

"एकोणऐंशी!" गोविंदानं आवाज दिला. एक्केचाळीस वर्षांत काट्यावर दिसलेला आकडा त्यानं पहिल्यांदाच तसाच्या तसा तोंडातून काढला.

इंदुबाई काट्यावरच वळली. "अवो भावजी! चार दिसांत सा किलो? मी काय दगड खाल्ले?"

"खाल्लं काय नाय वहिनी. त्या दिवशी मीच कमी सांगितलं."

"आनि आख्ख्या मैदानात आता पुरं सांगता व्हय!"

आत्या पदर तोंडाला लावून हसत होती. तिचे एकाहत्तर निघाले तरी तिला वाईट वाटलं नाही. वहिनीपेक्षा आठ कमी, एवढं तिला पुरेसं होतं. ती विमान विकणाऱ्याच्या ड्रायव्हरलाही सांगून आली.

बेरीज तीच, चारशे नव्व्याण्णव. विकणाऱ्याचा इंजिनिअर म्हणाला, "सहाही माणसं याच विमानातून न्यायची असतील तर तेल कमी भरा, मधे एकदा उतरून परत भरा. नाहीतर एक माणूस कमी करा."

सुशील निळ्या विमानाभोवती एक फेरी मारून आला. अजून जीव तुटत होता. आत्याला सगळ्यात मागच्या खुर्चीत बसवून बघितलं. गुडघे हनुवटीला लागले. बाहेर काढायला गणेश आणि मनाली दोघांना हात द्यावे लागले. उतरल्यावर तिनं साडी नीट केली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "माझं एक कमी करा. मला सवय हाय मागं ऱ्हायची. मागल्या खेपेला नाय का ऱ्हायले."

यावर इंदुबाईनं मान खाली घातली. गणेशनं टेम्पोच्या चाकाला उगाच लाथ मारली.

निळ्या विमानाच्या पंखावर ठेवलेली आपली पिशवी सुशीलनं उचलली आणि ढब्बूकडं चालायला लागला. "याचं दार उघडा," तो इंजिनिअरला म्हणाला.

मागं टेम्पोसारखं रुंद दार होतं, खाली पायऱ्या. आत्या कुणाचा हात न धरता चढली. आत उभी राहिली तर डोकं छताला टेकत होतं, म्हणजे वाकायला लागलं, पण गुडघे मोकळे. इंदुबाई तिच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसली. तेल भरून, पायलट बसवून, माणसं आणि सामान मिळून आठशेच्या वर चालतं, असं इंजिनिअरनं सांगितलं.

"आठशेच्या वर!" गोविंदा खालून म्हणाला. त्याला खुद्कन हसू आलं. हसता हसता तो आपल्याच काट्यावर बसला. काटा अठ्ठावन्न दाखवत होता. मनस्वीनं तो आकडा वाचून आख्ख्या पट्टीला ओरडून सांगितला.

सह्या त्याच दिवशी झाल्या. कागदपत्रं व्हायला आणि सुशीलला नव्यानं शिकायला चार महिने गेले. गावात गोष्ट पसरलीच, पसरायची ती. दोन-चार जणांनी गिरणीत येऊन टोमणे मारले, "काय तात्या, माझं खरं किती?" गोविंदा त्यांना काट्यावर चढवायचा आणि पुरा आकडा सांगायचा. दोघांनी मग साखर सोडली. पोत्यांची जुनी रीत मात्र शेठनं मोडू दिली नाही.

वैशाखातल्या ज्या दिवशी सगळे निघाले, त्या दिवशी गोविंदानं धावपट्टीवर जायला नकार दिला. वजनं आदल्या दिवशी गिरणीत झाली होती, सामान सतरा किलोंनी वाढलं होतं, आणि हेही त्यानं लिहून दिलं होतं. सकाळपासून तो गिरणीत होता, पण भाताचा हंगाम नव्हता आणि काम नव्हतं. तो काटा पुसत बसला. अकराला फोन यायचा होता. अकरा वाजले, सव्वाअकरा झाले. बायजा भाकरी घेऊन आली तर त्यानं डब्याकडं बघितलंही नाही.

अकरा चाळीसला फोन वाजला. पलीकडं आत्या होती. जन्मात पहिल्यांदा ती मोबाईलवर स्वतः बोलत होती, म्हणून ओरडत होती.

"गोविंदा! उतरलो रे! पाठीमागनं वारा होता म्हने, आदीच उतरलो. फोन लावायला कोन मोकळाच नव्हता!"

"सगळे?"

"सगळे म्हंजी काय, मधनं कोन खाली पडनार हाय का? साही जनं हायेत. तुझी वहिनी ढगांत झोपली, घोरत होती. थांब, नूतनचा पोरगा बग, माझं बोट धरून बसलाय..."

पुढचं ती फोन तोंडापासून लांब धरून बोलली, काही कळलं नाही. गोविंदानं फोन खिशात ठेवला. गिरणीच्या दारात जाऊन दोन मिनिटं उभा राहिला. स्टेशनाकडून गाडीची शिटी ऐकू आली. परत आला, पोत्यावर फतकल मारून बसला.

"वाढ गो," तो बायजाला म्हणाला. "सकाळपास्न पोटात काय नाय."

"कालच्या रातीपास्न नाय," बायजा म्हणाली आणि तिनं डबा उघडला.